कॉम्प्युटरवर बिटकॉइन वॉलेट वापरताय? मग कोणाला काय दिसतंय ते एकदा बघून घ्या

दोन वर्षांपूर्वी गणपतीला माझा जर्मनीतला मित्र घरी आला होता, आरती झाली, आईने मोदक वाढले आणि हा पठ्ठ्या तिसरा मोदक फोडता फोडता म्हणतो, "काकू, ह्याच्यावर लक्ष ठेवा, दर महिन्याला गपचूप बिटकॉइन साठवतोय आणि आमच्यासमोर गरिबीचं नाटक करतो." झालं. पुढचे आठ दिवस घरात दुसरा विषय नाही. आता ह्याला कळलं कसं? हॅकिंग वगैरे काहीच नाही. आमच्या ट्रिपचे थोडे पैसे त्याच्याकडे राहिले होते, ते त्याने बिटकॉइनमध्ये पाठवतो म्हटलं आणि मी आळशीपणा करून त्याला तोच ॲड्रेस (बिटकॉइनमधला खाते क्रमांकच समजा) दिला ज्यावर मी दर महिन्याला एक्सचेंजवरून, म्हणजे जिथे बिटकॉइन विकत घेतो तिथून, माझे कॉइन काढून घेत होतो. त्याने पैसे पोचले का बघायला तो ॲड्रेस एका वेबसाइटवर टाकला आणि माझं अख्खं पासबुक त्याच्यासमोर, तारीखवार.

तर चूक माझीच होती, आणि त्यानंतर मी ह्या विषयात जरा खोलात शिरलो. जे शिकलो ते इथे एकदाचं लिहून टाकतो. मी मुख्यतः बिटकॉइनबद्दल आणि कॉम्प्युटरवर चालणाऱ्या इलेक्ट्रम आणि स्पॅरो ह्या दोन वॉलेटबद्दल, म्हणजे बिटकॉइन सांभाळायच्या आणि पाठवायच्या प्रोग्रॅमबद्दल, बोलणार आहे कारण हीच दोन मी रोज वापरतो, बाकीच्यांबद्दल शेवटाकडे थोडं.

एक गोष्ट आधीच सांगतो म्हणजे कोणाचा गैरसमज नको. हे टॅक्स लपवायचं गाइड नाहीये. भारतात नफ्यावर ३० टक्के टॅक्स आहे, १ जुलै २०२२ पासून व्यवहारावर १ टक्का टीडीएस कापला जातो, रिटर्नमध्ये त्यासाठी वेगळं शेड्यूल आहे, आणि एक्सचेंजकडे तुमचा पॅन असतो, मार्च २०२३ पासून ती सगळी मनी लाँडरिंग कायद्याखाली आलीयेत. म्हणजे सरकारला कळायचं ते कळणारच आणि कळू दे. प्रश्न बाकीच्यांचा आहे. बँकेत पैसे आहेत म्हणून आपण पासबुक सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लावत नाही, एवढंच.

आधी हे डोक्यात बसवा

बिटकॉइनची वही सगळ्या जगासाठी उघडी आहे. कुठल्या ॲड्रेसवरून कुठल्या ॲड्रेसवर किती गेले हे २००९ पासूनचं सगळं कोणीही वाचू शकतं. त्या वहीत नाव नसतं फक्त. नाव येतं ते बाहेरून: तुम्ही कोणाला ॲड्रेस दिला, एक्सचेंजने कुठल्या ॲड्रेसवर पाठवलं, तुमचं वॉलेट कुठल्या सर्व्हरशी बोललं, तुमच्या लॅपटॉपवर काय पडून राहिलं. आणि एकदा नाव चिकटलं की ते मागच्या सगळ्या नोंदींनाही चिकटतं, ते खोडायची सोय नाही. म्हणून सेटिंग बदलत बसण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारायचा, आत्ता मी जे करतोय त्यातून कोणाला काय कळतंय.

वॉलेट डाउनलोड करताना

गूगलवर वॉलेटचं नाव टाकून पहिल्या लिंकवर क्लिक करू नका. पहिली लिंक बऱ्याचदा जाहिरात असते आणि जाहिरात पैसे भरून कोणीही देतं. ॲड्रेस बारमध्ये स्वतः टाइप करा, इलेक्ट्रम डॉट ऑर्ग किंवा स्पॅरोवॉलेट डॉट कॉम, आणि फाइलची डिजिटल सही तपासा, म्हणजे ती खऱ्या डेव्हलपरनेच दिलीये ना ते कळतं. इलेक्ट्रमसाठी विंडोजवर क्लिओपात्रा नावाचा फुकट प्रोग्रॅम मिळतो त्यात डेव्हलपरची की घालून सही पडताळता येते, पहिल्यांदा अर्धा तास जातो, नंतर दोन मिनिटं. स्पॅरो तर एकदा खात्रीचा बसवला की पुढची व्हर्जन तपासायची सोय त्याच्या टूल्स मेनूतच आहे.

हे का करायचं त्याचं उदाहरण देतो. डिसेंबर २०१८ मध्ये इलेक्ट्रमच्या नेटवर्कमध्ये कोणीतरी स्वतःचे खोटे सर्व्हर घुसवले. लोक पैसे पाठवायला गेले की तो सर्व्हर एरर म्हणून मेसेज दाखवायचा, अपडेट करा, ही घ्या लिंक. मेसेज वॉलेटच्या आतच दिसत होता त्यामुळे लोकांनी विश्वास ठेवला, खोटं व्हर्जन टाकलं, आणि पहिल्या झटक्यातच दोनशेहून जास्त बिटकॉइन गेले. नंतर ते भोक बुजवलं, पण धडा असा की वॉलेटच्या खिडकीत आलेली लिंक असली तरी त्यावरून अपडेट करायचं नाही.

आणि क्रॅक केलेलं विंडोज किंवा ऑफिस असलेल्या मशीनवर वॉलेट टाकू नका, प्लीज. आपल्याकडे दुकानदार लॅपटॉप देताना "सगळं टाकून दिलंय साहेब" म्हणतो, त्या सगळ्यात काय काय आहे ते त्यालाही माहीत नसतं. कॉपी केलेला ॲड्रेस पेस्ट करताना गुपचूप बदलून स्वतःचा टाकणारे व्हायरस अशाच ॲक्टिव्हेटरमधून येतात. माझ्या एका ओळखीच्याचे असेच गेले. त्याने ॲड्रेसची पहिली चार अक्षरं जुळतायत का बघितली, जुळली, पाठवून दिले. पहिली जुळतील असे ॲड्रेस बनवून ठेवलेले असतात, त्यामुळे सुरुवात, शेवट आणि मधली चार-पाच अक्षरंसुद्धा बघायची.

सर्व्हर: इथेच सगळ्यात जास्त गळतं

आता मुख्य मुद्दा, इथे जरा सावकाश वाचा.

इलेक्ट्रम २०११ पासून आहे, हलकं आहे, दोन मिनिटांत चालू होतं, कारण ते अख्खी वही तुमच्या मशीनवर उतरवत नाही. मग तुमचा बॅलन्स त्याला कळतो कसा? ते एका सर्व्हरला विचारतं. आणि विचारताना काय करतं तर तुमच्या वॉलेटमधले सगळे ॲड्रेस एकाच कनेक्शनवरून त्याच्यापुढे ठेवतं. नवीन वॉलेट बनवलंत की लगेच पैसे घ्यायचे २० आणि सुट्ट्यांचे (पाठवून उरलेले परत येतात ते) १० असे ३० ॲड्रेस तयार होतात आणि तीसच्या तीस विचारले जातात, जे तुम्ही अजून कोणाला दिलेही नाहीत तेसुद्धा. म्हणजे त्या सर्व्हरला कळलं की हे तीसही एकाच माणसाचे आहेत आणि तो माणूस ह्या आयपीवर (इंटरनेट कनेक्शनचा नंबर), ह्या शहरात बसलाय. सर्व्हर कोण चालवतं? कोणीही चालवू शकतं. बरेचसे भले लोक आहेत, पण ॲड्रेस आणि आयपी गोळा करणाऱ्यांना असा सर्व्हर चालवायला कोणी अडवत नाही.

आपण इतके दिवस दर व्यवहाराला नवीन ॲड्रेस वापरून मोठं शहाणपण केलंय असं वाटत असतं, आणि वॉलेट स्वतःच सगळे एका दोऱ्यात ओवून परक्याच्या हातात देतं! मला हे कळलं तेव्हा मी दहा मिनिटं नुसता स्क्रीनकडे बघत बसलो होतो.

ह्यावर उपाय दोन, एक स्वस्त आणि अर्धा, दुसरा कष्टाचा आणि जवळपास पूर्ण.

स्वस्त उपाय टॉर, म्हणजे तुमचं कनेक्शन दुसऱ्यांच्या मशीनमधून फिरवून आयपी लपवणारं नेटवर्क. विंडोजवर सगळ्यात सोपं म्हणजे टॉर ब्राउझर उघडा, कनेक्ट करा आणि तसाच मागे चालू ठेवा. मग इलेक्ट्रममध्ये टूल्समधून नेटवर्क उघडा, प्रॉक्सीच्या टॅबमध्ये प्रॉक्सी वापरा म्हणून टिक करा, प्रकार सॉक्स५, होस्ट १२७.०.०.१ आणि पोर्ट ९१५०. लिनक्सवर टॉर सर्व्हिस म्हणून बसवलं असेल तर पोर्ट ९०५०, हा आकडा चुकला की काही जोडलं जात नाही आणि लोक वैतागून सोडून देतात. स्पॅरोमध्ये टॉर आतच दिलेलं आहे, शेवटी ओनियन असलेला सर्व्हर दिला की ते स्वतःहून टॉरमधून जातं.

आता अर्धा का म्हटलं? टॉरने तुमचा आयपी लपतो, पण ते तीस ॲड्रेस एकाच माणसाचे आहेत हे सर्व्हरला अजूनही कळतंच. त्यामुळे वेगवेगळ्या कामांसाठी वेगवेगळी वॉलेट फाइल ठेवा, एक्सचेंजवरून आलेलं एकीकडे, मित्रमंडळींचं दुसरीकडे. आणि इथे एक गोम आहे जी मला फार उशिरा कळली, इलेक्ट्रममध्ये दोन वॉलेट एकाच वेळी उघडी ठेवली तर दोन्ही त्याच सर्व्हरला त्याच कनेक्शनवरून विचारतात, म्हणजे वेगळी फाइल करून काय मिळवलं, घंटा. एक बघून झालं की प्रोग्रॅम पूर्ण बंद करा, मग थोड्या वेळाने दुसरं उघडा.

व्हीपीएन (तुमचं इंटरनेट स्वतःच्या सर्व्हरमधून फिरवणारी सेवा) चालेल का, असं प्रत्येक जण विचारतो. चालेल, पण मग तुमच्या इंटरनेटवाल्याऐवजी व्हीपीएनवाल्याला कळतं, एवढाच फरक. आणि आपल्याकडे सर्ट-इन ह्या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये काढलेल्या आदेशात व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची नावं, आयपी वगैरे पाच वर्षं जपून ठेवायची असं आहे, त्यामुळेच बऱ्याच कंपन्यांनी भारतातले सर्व्हर उचलून बाहेर नेले. मी तरी वॉलेटसाठी टॉरच वापरतो.

कष्टाचा उपाय म्हणजे स्वतःचा नोड. बिटकॉइन कोअर नावाचं सॉफ्टवेअर अख्खी वही तुमच्या डिस्कवर उतरवतं, मग बॅलन्स बघायला कोणाला विचारायचीच गरज नाही, घरच्या घरी. वही ६०० जीबीच्या वर गेलीये, त्यामुळे १ टीबीची एसएसडी धरा, पुढे वाढणार हेही धरून चला. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर हा उद्योग करू नका, आठवडे जातील. माझ्याकडे जुन्या लॅपटॉपला एसएसडी लावून चार दिवस लागले, पंखा असा ओरडत होता की बायकोने विचारलं ह्याला पिठाची गिरणी कधीपासून केली. घरच्या ब्रॉडबँडवर महिन्याला ३३०० जीबीची मर्यादा असते बऱ्याच ठिकाणी, त्यात हे आरामात बसतं, पण तुमच्या प्लॅनचं आधी बघून घ्या. जागा नसेल तर जुना भाग पुसत जाणारा प्रून मोडही आहे, त्यात कमीत कमी ५५० एमबी ठेवूनही चालतं, मात्र डाउनलोड एकदा सगळं करावंच लागतं आणि जुनं वॉलेट नंतर त्यात घालायला गेलात तर मागचे व्यवहार सापडत नाहीत.

स्पॅरोमध्ये हे समजायला फार छान सोय केलीये, खाली उजव्या कोपऱ्यात एक छोटं बटण असतं, ते पिवळं असेल तर तुम्ही परक्या सर्व्हरवर आहात, हिरवं असेल तर स्वतःच्या बिटकॉइन कोअरवर, आणि निळं असेल तर स्वतःच्या इलेक्ट्रम सर्व्हरवर (कोअरच्या जोडीला घरीच चालवायचा वेगळा प्रोग्रॅम). हिरव्यापेक्षा निळं बरं, कारण थेट कोअरला जोडलं की तुमच्या ॲड्रेसची आणि बॅलन्सची माहिती त्या मशीनवर कुलूप न लावता पडून राहते. पण पिवळ्यावरून हिरव्यावर आलात तरी नव्वद टक्के काम झालं असं माझं मत.

आणखी दोन बारीक भोकं ह्याच घरातली. एक, व्यवहारावर राइट क्लिक करून ब्लॉक एक्सप्लोररवर, म्हणजे ही वही दाखवणाऱ्या वेबसाइटवर, बघा म्हणायची सवय. ते तुमच्या नेहमीच्या ब्राउझरमध्ये उघडतं, ना टॉर ना काही, आणि त्या वेबसाइटला कळतं की ह्या आयपीवरचा माणूस हाच ॲड्रेस परत परत बघतोय. स्वतःचा ॲड्रेस सोडून एवढं कौतुक कोणाला असतं? बघायचंच असेल तर ट्रान्झॅक्शन आयडी कॉपी करून टॉर ब्राउझरमध्ये बघा, किंवा धीर धरा, कन्फर्म झालं की वॉलेटमध्ये दिसतंच. दुसरं, रुपयातला भाव आणि फी किती चाललीये ते दाखवायला वॉलेट बाहेरच्या वेबसाइटला विचारतं, स्पॅरोच्या सेटिंगमध्ये दोन्ही बंद करता येतं. ह्यातून ॲड्रेस जात नाहीत, फक्त इथे वॉलेट चालू आहे एवढं कळतं, पण मला तर दर पाच मिनिटांनी भाव बघायची सवय सुटली म्हणूनही फायदा झाला.

पैसे पाठवताना सुट्ट्यांकडे बघा

समजा तुमच्याकडे एक्सचेंजवरून आलेला ०.०३ बिटकॉइनचा एक तुकडा आहे आणि तुम्हाला कोणाला ०.००४ द्यायचेत. बिटकॉइनमध्ये तुकडा मोडून फक्त ०.००४ देता येत नाही, आख्खा तुकडा काढावा लागतो, पाचशेची नोट देतो तसं. मग ०.००४ त्याच्याकडे जातात, फी समजा ०.००००२, आणि उरलेले ०.०२५९८ सुट्टे म्हणून तुमच्याच एका नव्या ॲड्रेसवर परत येतात. रिक्षावाल्याला पाचशे दिले तर त्याला फक्त नोट दिसते, इथे त्याला नोट कुठून आली तेही दिसतं आणि सुट्टे कुठल्या खिशात ठेवले तेही, आणि उद्या त्या खिशातून काय निघालं तेही. शिवाय ०.००४ हा गोल आकडा आणि ०.०२५९८ हा वेडावाकडा, म्हणजे सुट्टे कुठले ते शेंबड्या पोरालाही कळेल.

आता समजा एका तुकड्याने भागत नाही म्हणून वॉलेटने तीन तुकडे गोळा केले, एक एक्सचेंजवरून आलेला, एक जर्मनीवाल्याचा, एक भावाकडून आलेला. तिन्ही एकाच व्यवहारात खर्च झाले की जगाला कळलं की तिन्हीचा मालक एकच. बिटकॉइन काढणाऱ्या खुद्द सातोशीच्या २००८ च्या पेपरमध्येही हे कबूल केलंय की एकापेक्षा जास्त इनपुट (म्हणजे असे तुकडे) आले की जोडणी टळत नाही. वेगवेगळे ॲड्रेस वापरून जपलेलं सगळं एका क्लिकमध्ये गेलं.

म्हणून कॉइन कंट्रोल शिका, नाव मोठं आहे, काम फालतू सोपं आहे. इलेक्ट्रममध्ये व्ह्यू मेनूतून कॉइन्सचा टॅब चालू करा, तिथे तुमचा एकेक तुकडा दिसेल, हवा तो निवडून राइट क्लिक करून कॉइन कंट्रोलमध्ये घाला, मग पाठवताना फक्त तोच वापरला जाईल. स्पॅरोमध्ये यूटीएक्सओ नावाचा टॅब आहे, तिथे निवडा आणि निवडलेले पाठवा हे बटण दाबा. इलेक्ट्रमच्या ॲड्रेस टॅबमध्ये पैसे घ्यायचे ॲड्रेस हिरवे आणि सुट्ट्यांचे पिवळे दिसतात, थोडे दिवस ते रंग बघत बसलात की आपोआप समजायला लागतं पैसा कुठून कुठे फिरतोय.

पण कुठला तुकडा कोणाचा हे सहा महिन्यांनी आठवणार कसं? तर लेबल. पैसे आले की त्याच मिनिटाला लेबल लावायचं, "एक्सचेंज, मार्च" किंवा "ट्रिपचे, मित्राकडून". कंटाळा येतो हे मान्य, पण ह्याच लेबलांमुळे पुढे रिटर्न भरताना सीएसमोर तोंड लपवावं लागत नाही, कधी किती कुठून आलं सगळं हाताशी. मात्र लक्षात घ्या, जी माहिती वहीत नव्हती तीच आता तुम्ही स्वतःच्या हाताने लॅपटॉपवर लिहून ठेवलीत, नावांसकट. त्यामुळे लेबलवाली फाइल एक्सपोर्ट करून डेस्कटॉपवर टाकून विसरू नका, आणि ईमेलने तर सीएलासुद्धा पाठवू नका, लागतं तेवढंच प्रिंट काढून द्या.

कधीतरी तुमच्या जुन्या ॲड्रेसवर ५४६ सातोशी वगैरे असली चिल्लर कुठूनतरी येऊन पडेल. एक बिटकॉइन म्हणजे दहा कोटी सातोशी, त्यामुळे हे किती ते बघा. देव पावला नाहीये. तुम्ही ती चिल्लर बाकीच्या पैशांत मिसळून खर्च करावी म्हणजे तुमचे बाकीचे ॲड्रेस जोडता येतील असा डाव असू शकतो. राइट क्लिक, फ्रीझ, विषय संपला.

एक्सपब कोणाला देऊ नका

प्रायव्हेट की (पैसे खर्च करायची गुप्त किल्ली) आणि सीड (वॉलेट परत उभं करायचे गुप्त शब्द) कोणाला द्यायचं नाही हे आता सगळ्यांना पाठ झालंय, पण एक्सपब म्हणून एक प्रकार असतो, ज्यातून वॉलेटचे ॲड्रेस बनतात ती किल्ली, त्याच्याबद्दल लोक बिनधास्त असतात कारण त्याने पैसे चोरता येत नाहीत. खरंय, चोरता येत नाहीत. पण ज्याच्याकडे एक्सपब आहे त्याला तुमच्या त्या वॉलेटचे मागचे सगळे आणि पुढे बनणारे सगळे ॲड्रेस काढता येतात. म्हणजे कायमचा सीसीटीव्ही. पोर्टफोलिओ दाखवणारी ॲप, टॅक्स काढून देणाऱ्या वेबसाइट, सगळे गोड बोलून हेच मागतात. त्यापेक्षा वॉलेटमधून त्या वर्षाचे व्यवहार फाइलमध्ये काढा, नको त्या ओळी उडवा आणि तेवढंच द्या.

हार्डवेअर वॉलेट (किल्ली सांभाळणारं छोटं वेगळं डिव्हाइस) वापरत असाल तर त्याच्यासोबत येणारं कंपनीचं सॉफ्टवेअरही मूळ सेटिंगला कंपनीच्याच सर्व्हरला विचारत असतं. तेच डिव्हाइस स्पॅरोला जोडून स्वतःच्या नोडवर वापरता येतं, बरेच लोक तेच करतात. आणि ते डिव्हाइस मागवताना घरचा पत्ता देताना विचार करा, असली डिव्हाइस बनवणाऱ्या लेजर कंपनीचा २०२० मध्ये ग्राहकांचा डेटा फुटला तेव्हा सुमारे २ लाख ७२ हजार लोकांची नावं, घरचे पत्ते आणि फोन नंबर उघड्यावर आले. कोणाच्या घरात बिटकॉइन असू शकतात ह्याची यादीच झाली ती.

लॅपटॉप घरातला, पण एकट्याचा असतो का

इंटरनेटवरच्या गळतीबद्दल सगळे बोलतात, माझ्या मते अर्धी माहिती टेबलावरूनच जाते.

वॉलेट फाइलला पासवर्ड द्या आणि फाइल एन्क्रिप्ट (कुलूपबंद) करायची टिक काढू नका. फाइल एन्क्रिप्ट केलेली नसेल तर प्रायव्हेट की नाही मिळाली तरी ॲड्रेस आणि लेबलं कोणीही वाचू शकतं. विंडोजमध्ये ह्यासाठी वेगळा युजर बनवा, ज्यात ऑफिसचं काही नाही, मुलांचं काही नाही. ऑफिसच्या लॅपटॉपवर तर वॉलेट टाकूच नका, तिथे आयटीवाल्यांना काय काय दिसतं ते तुम्हाला सांगायला नको. विंडोजची की आणि व्ही दाबून बघा, क्लिपबोर्डची हिस्टरी चालू असेल तर तुम्ही कॉपी केलेले ॲड्रेस तिथे रांगेत उभे असतील, आणि सिंक चालू असेल तर ते दुसऱ्या मशीनवरही जातात. सेटिंगमध्ये जाऊन दोन्ही बंद.

सीडचे बारा शब्द कागदावर, पेनने. स्क्रीनशॉट नाही, मोबाइलने फोटो नाही कारण तो फोटो लगेच क्लाउडवर जाऊन बसतो, स्वतःला व्हॉट्सॲप करणं तर नाहीच नाही. आणि घरातल्या एका विश्वासू माणसाला कागद कुठे आहे ते सांगून ठेवा, नाहीतर तुमच्यानंतर कोणालाच कळणार नाही, प्रायव्हसी इतकीही नको.

मीटिंगमध्ये स्क्रीन शेअर करताना अख्खा स्क्रीन देऊ नका, ती एकच खिडकी द्या. इलेक्ट्रमच्या वरच्या पट्टीत वॉलेट फाइलचं नाव असतं आणि खाली बॅलन्स. माझ्या टीममधल्या एकाने घाईत अख्खा स्क्रीन शेअर केला, फाइलचं नाव होतं "घरासाठी", आकडा सगळ्यांनी वाचला, मॅनेजरनेसुद्धा. कोणी काही बोललं नाही पण त्या वर्षी पगारवाढीच्या वेळी तो जरा गप्पच होता.

लॅपटॉप रिपेअरला देताना वॉलेट काढून द्या म्हणजे सीडची खात्री करून मग फाइल उडवून द्या, आणि डिस्क पहिल्यापासूनच एन्क्रिप्ट असेल तर उत्तम, कारण नुसती डिलीट केलेली फाइल परत काढता येते. फारच काळजी असेल तर टेल्स नावाची सिस्टिम ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर टाका, त्यात इलेक्ट्रम आधीपासून असतं, सगळं टॉरमधून जातं आणि बंद केलं की लॅपटॉपवर मागे काही उरत नाही. रोजच्या वापराला मला ते जड वाटतं, वर्षातून दोन-चारदा बघणाऱ्याला मस्त.

बाकीच्यांबद्दल पटकन

इथेरियम ह्या दुसऱ्या कॉइनवाल्यांची गोष्ट वेगळी आहे कारण तिथे सुट्टे वगैरे भानगड नाही, एकच ॲड्रेस सगळीकडे वापरला जातो त्यामुळे कुठल्याही साइटला वॉलेट जोडलं की तिला सगळा इतिहास दिसतो. मेटामास्क ह्या तिथल्या वॉलेटच्या मूळ सेटिंगमध्ये विचारणा इन्फुराच्या सर्व्हरकडे जाते, आणि त्यात आयपी आणि वॉलेटचा ॲड्रेस गोळा होतो हे दोन्ही चालवणाऱ्या कंपनीने नोव्हेंबर २०२२ मध्ये स्वतःच्या पॉलिसीतच लिहिलं तेव्हा बराच आरडाओरडा झाला होता. सर्व्हर बदलता येतो, बदला, आणि साइटना जोडायला वेगळं, पैसे ठेवायला वेगळं अशी खाती ठेवा.

मोनेरो ह्या कॉइनमध्ये रक्कम आणि ॲड्रेस वहीतच झाकलेले असतात, तरी परक्या नोडला जोडलात की त्याला तुमचा आयपी दिसतो, म्हणजे टॉर तिथेही लागतंच.

मिक्सर, कॉइनजॉइन वगैरेबद्दल, म्हणजे अनेकांचे कॉइन एकत्र मिसळून माग पुसायच्या प्रकारांबद्दल, मला मेसेज येतात. तंत्र चांगलं आहे, पण एप्रिल २०२४ मध्ये ही सोय देणाऱ्या सामुराय वॉलेटच्या संस्थापकांना अटक झाली, त्या जूनमध्ये वसाबी वॉलेटवाल्या कंपनीने स्वतःची मिसळायची सेवा बंद केली, आणि तसले कॉइन एक्सचेंजवर नेले की खातं अडकून प्रश्न सुरू होऊ शकतात. पगारदार माणसाने त्या फंदात पडू नये असं मी म्हणेन, वर लिहिलेलंच नीट केलंत तरी मोदक खाणाऱ्या मित्रापासून तुम्ही सुरक्षित आहात.

शेवटी चाचणी करा, कारण सेटिंग केलं म्हणजे लागलंच असं नसतं. इलेक्ट्रमच्या खाली उजव्या कोपऱ्यात एक गोल ठिपका असतो, हिरवा असेल तर थेट जोडलंय, निळा असेल तर प्रॉक्सीतून, लाल म्हणजे जोडलेलंच नाही. टॉर चालू असताना तो निळा दिसला पाहिजे. मग वॉलेट तसंच उघडं ठेवून टॉर ब्राउझर बंद करा आणि मिनिटभर थांबा. ठिपका लाल झाला तर बरोबर आहे. हिरवा होऊन हसत बसला असेल तर नेटवर्कच्या सेटिंगमध्ये परत जा, पोर्टचा आकडा आणि ती टिक बघा, माझी पहिल्या वेळी टिकच करायची राहिली होती.